आंबटपणा टिकला, तर वाईन टिकली

मे महिना, साल १८३०. तुम्ही हिंगोलीच्या छावणीत आबदार आहात. फौज निजामाच्या पैशावर पोसलेली, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, आणि त्या अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये पाणी आणि दारू गार करून देणं हे तुमचं काम. दुपार टळायला आली आहे. वाळ्याच्या ताट्यांवर भिस्ती पखालीनं पाणी मारतोय आणि ते खाली ओघळायच्या आत वाळतंय. तुमच्यासमोर घंगाळ आहे, त्यात विहिरीचं पाणी आणि पाण्यात मूठमूठ सोरा. सोरा विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतो. हात घातला तर बोटं बधिर होतात. त्या पाण्यात बाटलीची मान धरून तुम्ही ती गरगर फिरवत बसता. सोरा स्वस्त नाही. काम झालं की तेच पाणी उन्हात आटवून तो परत काढायचा आणि उद्या पुन्हा वापरायचा.

आज आत जेवायला तीन प्रकारच्या बाटल्या गेल्या. तांबडी क्लॅरेट, म्हणजे फ्रान्सच्या बोर्दोची. मदिरा, म्हणजे अटलांटिकमधल्या त्या नावाच्या बेटाची. आणि एक पांढरी. पांढरी लगेच परत आली. कुणी पाहत नाही असं बघून तुम्ही तळाशी उरलेला घोट घेता आणि तोंड वाकडं होतं. सिरका! लोणच्यात घालायला बरा, प्यायला नव्हे.

यात तुमचा दोष नाही. ती बाटली महिनोन् महिने जहाजात तापली, मुंबईला उतरली, घाट चढली आणि मग बैलगाडीतून मराठवाड्याच्या उन्हात दिवसचे दिवस हिंदकळत आली. आतला द्रव तापून फुगला, त्यानं बूच ढकललं, हवा शिरली, आणि हवेबरोबर आलेल्या जंतूंनी मद्याचा सिरका केला. हे जंतू दाखवून देणारा लुई पाश्चर आज अवघा सात वर्षांचा आहे, त्यामुळे मेसमधले साहेब दोष देणार तो तुम्हालाच. मदिरा मात्र ठणठणीत आली. तिच्यात आधीच जादा अर्क घातलेला असतो आणि समुद्रप्रवासातल्या उष्णतेनं ती उलट मुरते. उष्ण देशांतल्या गोऱ्या मेसमध्ये मदिरेला एवढा मान मिळाला, त्यामागे हे साधं कारण आहे.

माल सोडा, त्या वाटेवर मालक जिवंत पोचला तरी पुष्कळ. याच छावणीच्या बाजारात हरिसिंग नावाचा प्रतिष्ठित व्यापारी राहतो. मुंबईहून कापड आणण्यासाठी त्यानं रीतसर परवाना काढला. कापड वाटेवर आहे हे त्याला ठाऊक होतं आणि त्याचा मालक दुसराच होता. हरिसिंगानं त्या मालकाला माणसांसकट वाटेत संपवलं आणि तोच परवाना दाखवून कापड छावणीत उघड विकलं. तो ठगांचा म्होरक्या निघाला. १८३९ साली मेडोज टेलरनं आपल्या ठगांवरच्या कादंबरीच्या प्रस्तावनेत हिंगोलीचं नाव जगभर पोचवलं ते या गोष्टीनं.

आता हे अंग सोडा. आबदार म्हणून तुम्हाला जे चाखता आलं नाही, ते चाखायला एकशे सतरा वर्षं पुढे आणि बरंच वायव्येला जावं लागेल.

१९४७ची शरद. तुम्ही फ्रान्समध्ये तूर शहराच्या पूर्वेला, ल्वार नदीच्या उजव्या तीरावर व्हूव्रे गावात उभे आहात. पहाटेचं धुकं नदीवरून चढून द्राक्षवेलींत शिरलंय. समोरच्या टेकडीतून धूर निघतो, पण घर दिसत नाही. नीट पाहिल्यावर कळतं की घर टेकडीच्या पोटातच आहे आणि त्याचं धुराडं वर वेलींमधून बाहेर आलंय. इथला दगड म्हणजे तुफो, फिकट, मऊ चुनखडी. ल्वारकाठचे राजवाडे बांधायला शतकानुशतकं हा दगड कापून नेला आणि मागे ज्या पोकळ्या राहिल्या त्यांत माणसं राहिली, वाईनही राहिली. आत बाराही महिने साधारण १२ अंश तापमान. सोरा लागत नाही, भिस्ती लागत नाही. हिंगोलीच्या आबदाराला ही नोकरी मिळती तर त्यानं दिवसभर काय केलं असतं कोण जाणे.

तुमच्या पाठीवर टोपली आहे आणि हातात छोटी कात्री. वेल शेनिन ब्लाँची. फ्रेंच माणूस शेवटचा न नाकात गिळतो, नाशिकचा द्राक्षबागायतदार तो स्पष्ट म्हणतो. आपण नाशिकच्या बाजूनं. घड घट्ट बांधलेले, मणी लहान, सोनेरीकडे झुकलेले. एक तोडून तोंडात टाका. आधी मध, मग लगेच जिभेच्या दोन्ही कडांना झिणझिण्या. एवढं गोड फळ एवढं आंबट कसं, हाच शेनिनचा सगळा चमत्कार आहे. बहुतेक द्राक्षांत गोडी चढत गेली की आंबटपणा पळून जातो. शेनिन पिकूनही तो सोडत नाही. म्हणून या एकाच गावात एकाच द्राक्षापासून कोरडी, किंचित गोड, पक्की गोड आणि फसफसणारी अशा चारही तऱ्हेच्या वाईन होतात. कुठली करायची हे दर वर्षी पाऊस आणि ऊन ठरवतात. व्हूव्रेच्या नावाला कायद्याचं संरक्षण १९३६ सालीच मिळालंय, पण कायदा ऊन वाटत नाही.

यंदा ऊन भरपूर पडलं. तुमच्या पुढच्या वेलीवर काही मणी सुकून मनुकेसारखे झालेत, काहींवर करडी बुरशी आहे. तुमचा हात आपोआप तो घड टाकून द्यायला जातो. थांबा. ही बुरशी हवी असलेली बुरशी आहे. ती सालीला सूक्ष्म भोकं पाडते, आतलं पाणी उडतं, साखर आणि आंब दोन्ही दाट होतात. असे घड आज तोडायचे, बाकीचे आठवडाभरानं, उरलेले त्यानंतर. एकाच बागेतून पुन्हा पुन्हा फिरायचं. फेऱ्या वाढतात तशी मजुरी वाढते आणि बाटलीची किंमतही.

गावात गास्ताँ उए नावाचा वाईनवाला आहे. पाच वर्षं जर्मनांच्या युद्धबंद्यांच्या छावणीत काढून परतलेला. या वर्षीच तो गावचा महापौर झालाय आणि पुढे चार दशकं राहणार आहे. त्याच्या 'ओ लिय' या बागेची १९४७ची गोड वाईन विसाव्या शतकातल्या थोर वाईनमध्ये मोजली जाणार आहे, हे त्याला आज माहीत नाही. आज तो फक्त पिपं मोजतोय. रस दगडी गुहेत हळूहळू आंबतो, हिवाळा लागला की आणखी हळू होतो आणि सगळी साखर संपायच्या आत थांबतो. त्या वर्षीच्या बाटल्या पाऊण शतकानंतरही जिवंत निघाल्या आहेत. साखर एकटी असती तर वाईन कधीच चिकट आणि मेलेली झाली असती. जंतूंना आंबट वातावरण मानवत नाही आणि जिभेलाही गोडीबरोबर धार लागते. वाईनला जगवलं ते आंबटपणानं.

दुपारी मालकाच्या टेबलावर जेवण. युद्ध संपून दोन वर्षं झाली तरी पाव रेशनवर आहे, तुकडे मोजून वाढले जातात. पण बकरीच्या दुधाचं सेंत-मोर चीज आहे, लांबोडकं, बाहेरून राखेनं काळपट, मधून पेंढ्याची काडी घातलेलं, कारण त्याशिवाय ते मोडतं. त्याचा चुरचुरीत आंबटपणा आणि मागच्या वर्षीची कोरडी व्हूव्रे एकमेकांना ओळखतात. ल्वारचा मासाही आहे, लोणी, व्हिनेगर आणि बारीक कांद्याच्या पांढऱ्या सॉसमध्ये. लोण्याचा थर जिभेवर बसतो, वाईनचा घोट तो धुऊन काढतो, पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. अन्नाशी वाईन जुळवण्याचं पुष्कळ शास्त्र सांगतात; माझ्या मते त्यातलं निम्मं या एका घासात संपतं.

तोच हंगाम, तेच १९४७. तुम्ही परत हिंगोलीच्या मुलखात आहात, रात्र आहे आणि हातात कुऱ्हाड आहे. देश १५ ऑगस्टला स्वतंत्र झाला, पण तुमचं गाव झालं नाही. निजामानं भारतात यायला नकार दिलाय आणि लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात आहेत. ओढ्याकाठी शिंदीचं बन उभं आहे. प्रत्येक झाडाच्या मानेला खाच, खाचेखाली मडकं. उद्या पहाटे ती मडकी उतरली की गावात शिंदी विकली जाईल, आणि तिच्यावरच्या आबकारीचा पैसा थेट निजामाच्या तिजोरीत. म्हणून मराठवाडाभर पोरं रात्री बाहेर पडून शिंदीची झाडं पाडताहेत आणि करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके उद्ध्वस्त करताहेत. निजामाचे सशस्त्र पाठीराखे, रझाकार, केव्हाही येतील. तुम्ही घाव घालता. खोड तंतुमय आहे, कुऱ्हाड रुतून बसते, जोर लावून उपसावी लागते. मडकं फुटून रस हातावर येतो. तहानलेले आहात, चाटून पाहता. अजून गोड आहे. उद्या सकाळी तो फेसाळलेला असेल, दुपारी मस्तक धरील आणि संध्याकाळी आंबून फुकट जाईल.

शिंदीचं आयुष्य एका दिवसाचं आणि व्हूव्रेचं पाऊण शतकाचं. दोन्हींमध्ये साखरेचं मद्य करणारं यीस्ट एकाच जातकुळीचं. फरक एवढाच की एकीकडे थंडी, बूच आणि फळाचा स्वतःचा आंबटपणा रस सांभाळतात, दुसरीकडे उन्हात उघडं मडकं. ही झाडं ज्याच्या पोटाची होती त्या शिंदी काढणाऱ्याचं त्या हिवाळ्यात काय झालं असेल, हे मुक्तिसंग्रामाच्या गौरवगाथांत फारसं येत नाही. यायला हवं. तरीही झाडं पाडणं तेव्हा बरोबर होतं असंच मला वाटतं. दारूचा पैसा कुणाच्या खिशात जातो हा प्रश्न मराठवाड्यानं कुऱ्हाडीनं विचारला होता आणि तो आजही शिळा नाही.

मधला एक थांबा घाईत उरकू. २ फेब्रुवारी १६५९, आफ्रिकेचं दक्षिण टोक. डच वसाहतीचा प्रमुख यान व्हान रिबेक रोजनिशीत लिहितोय की देवाच्या कृपेनं आज केपच्या द्राक्षांपासून पहिली वाईन गाळली. तुम्ही त्याच्या खांद्यावरून डोकावता आणि निघता. युरोपातून आलेल्या वेलींपैकी एक पुढे तिथे 'स्टीन' नावानं इतकी पसरली की तिचं कूळच लोक विसरले. ती शेनिनच आहे हे १९६०च्या दशकात पानं ताडून पाहिल्यावर कळलं. आज फ्रान्सपेक्षा जास्त शेनिन दक्षिण आफ्रिकेत आहे. म्हणजे ही वेल ऊन सोसते, हे नाशिकच्या कितीतरी आधी सिद्ध झालं होतं.

आता नाशिक. फेब्रुवारी २०००, पहाटेचे पाच. गंगापूर धरणाजवळच्या उतारावर तुम्ही कानटोपी घालून क्रेट उचलताय. राजीव सामंत नावाचा अमेरिकेत शिकलेला इंजिनिअर कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून वडिलोपार्जित जमिनीवर आलाय, आईच्या सुलभा या नावावरून त्यानं कंपनीला 'सुला' म्हटलंय आणि केरी डॅमस्की या कॅलिफोर्नियातल्या जाणकाराच्या सल्ल्यानं १९९७ पासून शेनिन आणि सोव्हिन्यों या दोन फ्रेंच पांढऱ्या जाती लावल्यात. शेजारचे बागायतदार बांधावर उभे राहून बघतात आणि त्यांना हे सगळंच उलटं वाटतं. त्यांचं आयुष्य थॉम्पसन आणि सोनाका ही खायची द्राक्षं लांबवण्यात गेलेलं. मणी फुगावेत म्हणून घड जीए या संप्रेरकाच्या द्रावणात बुडवायचे, घडाची विरळणी करायची, बी नको, साल पातळ हवी. इथे मणी वाटाण्याएवढा, आत बी, साल जाड आणि मालक त्यावर खूश! सालीतच वास असतो आणि मणी लहान राहिला तर रसाच्या मानानं साल जास्त मिळते, हे त्यांना पटायला दोन हंगाम जावे लागतील.

पण खरं कसब वेगळंच आहे आणि ते नाशिकच्या शेतकऱ्याला या पाहुण्यांच्या आधीपासून येत होतं. ल्वारमध्ये वेल हिवाळ्याच्या थंडीत झोपते. आपल्याकडे तिला झोप नाही. सोडलं तर ती बारा महिने वाढेल. म्हणून एप्रिलात खरड छाटणी करून काडी तयार करायची, पावसाळा पानांवर काढायचा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी करून फळ धरायचं. म्हणजे युरोपात जे द्राक्ष उन्हाळ्याच्या शेवटी पिकतं ते नाशकात थंडीच्या शेवटी पिकतं. याचा फायदा आंबटपणाला. द्राक्षातल्या दोन मुख्य आम्लांपैकी मॅलिक हे वेल श्वासात जाळून टाकते आणि रात्र जितकी उष्ण तितकं ते लवकर जळतं. टार्टारिक जरा चिवट असतं. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवरच्या नाशकात जानेवारीच्या रात्री दहा अंशांच्या आसपास उतरतात. त्याच रात्रींनी हे द्राक्ष वाचवलं. आणि म्हणूनच तुम्ही पहाटे पाचला क्रेट उचलताय: नऊनंतर तोडलेला घड गरम असतो आणि गरम घड वाटेतच बिघडायला लागतो.

गोडी मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर रसाचा थेंब, डोळ्याला लावा: २२ ब्रिक्स. एवढ्या साखरेतून साडेबारा टक्क्यांच्या आसपास मद्यार्क मिळतो. आणखी आठवडा थांबलात तर गोडी वाढेल, धार जाईल. तोडा. क्रेट आत जातात, दाबयंत्रातून निघालेला रस स्टीलच्या टाकीत पडतो आणि टाकीभोवती थंड पाणी फिरतं. सोऱ्याच्या घंगाळाचं काम आता यंत्र करतं. पहिल्या बाटल्या त्याच वर्षी बाजारात आल्या. त्यांत थोडी साखर शिल्लक ठेवलेली होती, म्हणून फ्रेंच जाणकार नाक मुरडतात. मला ती निवड शहाणपणाची वाटते, का ते पुढे ताटावर कळेल.

हे चित्र सगळं गुलाबी नाही. राज्यानं २००१ साली द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क काढले, कारखाने भराभर उभे राहिले. मग २००८ची मंदी आली. टाक्या भरलेल्या, गिऱ्हाईक नाही, शेतकऱ्यांची बिलं थकली. तुम्ही त्या पुढच्या वर्षी नाशिक जिल्ह्यातल्या कुठल्याही रस्त्यानं जा: वाईनच्या बागा मुळासकट उपटून लोक पुन्हा खायच्या द्राक्षांकडे वळताना दिसतील. वाईनचं द्राक्ष मंडईत विकता येत नाही; कारखान्यानं नाही म्हटलं की संपलं.

आजच्या हिंगोलीत या. २१ वर्षं पूर्ण आहेत, परवाना आहे आणि प्यायची इच्छाही आहे, असं धरून चाललोय. नसेल तर पुढचा परिच्छेद नुसता जेवणासाठी वाचा. नाशिकची शेनिन आणा, लेबलावर गेल्या वर्षाचं किंवा फार तर त्याआधीचं साल बघा. ही व्हूव्रे नव्हे, कपाटात ठेवून मुरणार नाही. दुकानाच्या काचेत उन्हात उभी असलेली बाटली फुकट दिली तरी घेऊ नका. तिची गत १८३०च्या पांढरीसारखी झालेली असते. फ्रीजमध्ये तीन तास, मग ताट.

अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी, वर कच्चं तेल, बाजूला शेंगदाण्याची चटणी. नियम असा की ताटातला आंबटपणा पेल्यातल्या आंबटपणाहून वरचढ झाला की वाईन पाणचट लागते. अंबाडीसमोर बऱ्याच पांढऱ्या वाईन अशाच पडतात, शेनिन बऱ्यापैकी उभी राहते. सिद्धेश्वर किंवा इसापूरच्या धरणातला रोहू, हळद-मीठ-तिखट लावून तव्यावर कुरकुरीत: इथे जोडी सर्वांत चांगली जमते आणि ल्वारच्या लोण्याच्या माशाशी तिचं नातं लगेच ध्यानात येतं, तेल धुऊन निघतं. ठेचा आला की सावध राहा. मद्यार्क मिरचीची आग भडकवतो. वाईन पूर्ण कोरडी असेल तर घशात ठिणग्या उडतात. थोडी साखर आणि चांगला गारवा ही आग आटोक्यात ठेवतात, म्हणून ती नाशिकची किंचित गोडी मराठी ताटाला सोयीची. काळ्या मसाल्याच्या मटणापुढे शेनिन बिचारी हरते, तिथे पाणी प्या. पुरणपोळीबरोबर तर नकोच: पदार्थ वाईनहून गोड असला की वाईन नुसती आंबट लागते. नाशिकला उशिरा तोडलेल्या शेनिनची गोड वाईन मिळते, ती चालेल, पण तुपाच्या धारेपुढे तिची गरज काय, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळानं मोठ्या किराणा दुकानांत वाईन ठेवायला परवानगी दिली, तेव्हा वाईन म्हणजे दारू नव्हे असाही युक्तिवाद झाला. तो खोटा आहे. साडेबारा टक्के मद्यार्क हा मद्यार्कच, द्राक्षाचा असो की मोहाचा. निर्णयाला जोरदार विरोध झाला आणि तो अमलात आला नाही. शेतकऱ्याचं भलं व्हावं म्हणून कुणी वाईन पिऊ नये आणि शेतकऱ्याचं भलं होईल म्हणून सरकारनं ती खपवूही नये. आवडली तर एखादा पेला, एवढंच.

राहिला हिंगोलीच्या तरुण शेतकऱ्यांचा प्रश्न, की आपल्याकडे वाईनची बाग लावावी का. थंडीतल्या रात्री हिंगोलीतही गार असतात, वेल येईल. पण वसमतची वाळवलेली हळद पोत्यात थांबू शकते, भाव बघून मोंढ्यात नेता येते. शेनिनचा घड तोडल्याच्या दिवशीच दाबला गेला पाहिजे आणि नाशिक इथून ४०० किलोमीटरच्या आसपास आहे. तासाभराच्या अंतरावर कारखाना उभा राहून त्यानं दराचा लेखी करार हातात दिला, तरच रोपं मागवा. तोवर हळदच लावा.